लिदीवरून केलेलं भाकीत

वेस्ट विंडसरमध्ये मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की तीन प्रश्न ठरलेले. गाव कुठलं, ग्रीन कार्ड कुठवर आलं, आणि मिसेस काय करतात. पहिल्या दोन प्रश्नांना नरेंद्र झटकन उत्तर द्यायचा. तिसऱ्याला त्याला खोकला यायचा.

कारण मिसेस घोड्याची लीद काढायच्या.

कांचन मूळची मिरजेजवळच्या एका गावातली. बाप त्र्यंबक नालबंद. बैलाला पत्री मारायची, टांग्याच्या घोड्याला नाल ठोकायची, हा त्याचा धंदा. मिरज स्टेशनवर टांगे होते तोवर दारात घोडं उभं नाही असा दिवस उगवला नाही. सहा वर्षांची असल्यापासून कांचन घोड्याचा पाय मांडीवर धरून बसायची आणि बाप खूर तासायचा. पुढं ती बी.ए. झाली, सांगलीच्या इंजिनिअरशी लग्न झालं, विमानात बसून अमेरिकेत आली, पण आधी पायाकडं बघायचं हे काही सुटलं नाही. मंडळाच्या गणपतीत नवं जोडपं आलं की बाकीच्या बायका साडी बघायच्या, ही नवऱ्याची टाच बघायची. "उजवा गुडघा गेलाय ह्याचा," म्हणायची. महिन्याभरानं तो माणूस काठी घेऊन फिरताना दिसायचा.

बोलणंही तिकडचंच. मी जातो, मी आलो, मी केलो. मिरजेकडच्या बायका तसंच बोलतात, त्यात लाजायचं काय? मंडळातल्या बायकांनी आधी हसून घेतलं, मग तिला सुधारायला घेतलं.

"कांचन, जाते म्हणायचं गं, जाते."

"तुम्ही जावा की. मी जातो."

तिथंच ते शिक्षण संपलं.

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरीची परवानगी नाही. दोन वर्षं कांचन अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्यांची चाकं बघत बसली. मग एका सकाळी नरेंद्रला प्रिन्स्टन जंक्शनच्या स्टेशनवर सोडून येताना तिचं वळण चुकलं आणि गाडी थेट एका कुंपणाशी आली. आत एक सत्तरीची गोरी म्हातारी घोड्याचा पाय उचलायला बघत होती आणि घोडा सगळा भार तिच्यावरच टाकून निवांत उभा होता. कांचननं गाडी बंद केली, कुंपण ओलांडलं, घोड्याच्या खांद्याला आपला खांदा लावला, पायाची मागची शीर दोन बोटांनी चिमटली. पाय वर. म्हातारीनं तिच्याकडं बघितलं आणि नाव विचारायच्या आधी हातात फावडं दिलं. हीच मार्थाबाई.

तेव्हापासून रोज सकाळी दोन तास कांचन तबेल्यात. पगार नाही, मार्थाबाईंना देता येत नव्हता, हिला घेता येत नव्हता. वकिलाला विचारून झालं होतं, फुकट करत असेल तर हरकत नाही म्हणाला. वकिलाची हरकत नव्हती, पण नरेंद्रची होतीच.

"लोक विचारतात मला. काय सांगू? घोड्याची घाण काढते म्हणून?"

"सांग की. खोटं हाय का?"

"चांगली शिकलेली आहेस तू."

"म्हणून तर लीद बघून कळतंय. अडाण्याला नुसती लीद दिसते."

दर वर्षी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी इथून तासाभरावर, टेकड्यांतल्या एका मोठ्या कुरणावर अडथळ्यांच्या शर्यती होतात. घोडे दोन-अडीच मैल पळतात आणि वाटेतल्या झुडपी कुंपणांवरून, लाकडी कठड्यांवरून उड्या मारतात. पैज लावायची खिडकी तिथं नव्हती, त्यामुळं मंडळाला ती सहल सोवळी वाटायची. वीस-पंचवीस गाड्या जायच्या, डिक्की उघडून मिसळ निघायची. आणि आदल्या दिवशी मंडळाचं एक पानी पत्रक निघायचं: उद्या कुठल्या शर्यतीत कोण येणार, एक, दोन, तीन. हे भाकीत गेली तीन वर्षं विवेक लिहायचा. विवेक पुण्याचा, एका बँकेत मोठ्या पदावर. घोड्यांची आजवरची बक्षिसं, वेळा, वजनं सगळं एक्सेलमध्ये भरायचा आणि खालून उत्तर काढायचा. शर्यतीच्या दिवशी तो घोड्यांकडं फारसं बघत नसे, कागदाकडं बघे.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चारला, पत्रकाच्या संपादक सुहासिनी काकूंना कुठून तरी कळलं की बाहेरगावचे शर्यतीचे घोडे तीन दिवस आधी येतात आणि त्यातले बरेचसे मार्थाबाईंच्या तबेल्यात उतरतात. काकूंनी कांचनला फोन केला.

"यंदा तू लिही. विवेकला मी सांगते."

विवेकनं ते हसत हसत घेतलं. त्याच संध्याकाळी ट्रेनमध्ये नरेंद्रच्या शेजारी बसून म्हणाला, "म्हणजे यंदा डेटा कुठून येणार यार? डायरेक्ट सोर्सवरून?" आणि नाक दाबून दाखवलं. डब्यातले चौघं हसले. नरेंद्रही हसला, आणि ते त्याला घरापर्यंत टोचत राहिलं.

घरी आला तेव्हा कांचन भाकरी थापत होती. एडिसन गावच्या दुकानातली ज्वारी, जुनी, पीठ विरी गेलेलं.

"एक कर," तो म्हणाला. "लिही तू. पण मुख्य शर्यतीत तू एक नंबरला लिहिलेला घोडा जिंकला, तर मी तबेल्याबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जिंकला, तर तबेला बंद. सोमवारपासून. कबूल?"

कांचननं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

"जेवायला बस," ती म्हणाली.

घोडे बुधवारी आले. गुरुवारी आणि शुक्रवारी कांचन तासभर आधी गेली. मुख्य शर्यतीतले नऊपैकी सहा घोडे तिच्या ताब्यात होते आणि उरलेले तीन शेजारच्या तबेल्यातून सकाळी त्याच गल्लीनं फिरायला यायचे. तिनं प्रत्येकाचं ठाण स्वतः साफ केलं. पेंढा कुठं दबलाय, दाणा किती उरलाय, पाणी किती प्यालाय. लीद फावड्यावर घेऊन उजेडात धरली, काठीनं फोडून बघितली. मार्थाबाई दारातून जाताना म्हणाल्या, मीसुद्धा इतकं बघत नाही.

शुक्रवारी दुपारी कांचन वही घेऊन बसली. बाकीच्या शर्यती पटापट झाल्या. मुख्य शर्यतीशी येऊन पेन थांबलं.

तिला घोडा कळला होता. 'मडी लेन' नावाचा, गढूळ रंगाचा, दिसायला काहीच नाही असा. तिनं मनात त्याला चिखल्या म्हणायला सुरुवात केली होती. शंका नव्हतीच. एक नंबरला त्याचं नाव घातलं की झालं, सोमवारी तबेला तिचा.

पण मिरजेकडं भरवशाच्या घोड्याला पहिला म्हणत नाहीत. लेकराच्या गालाला काळी तीट लावतात तसं. टांग्यांच्या शर्यतीत माळावर हजार माणूस जमायचं, आणि जाणता माणूस ज्याच्यावर जीव लावून बसलेला असेल त्याच्याबद्दल "येईल दुसरा" एवढंच म्हणायचा. ऐकणाऱ्याला कळायचं. एकदाच त्र्यंबक बोलून गेला होता. मिरजेच्या माळावर, भर गर्दीत, स्वतः नाल ठोकलेल्या घोडीबद्दल. "आज पहिली हीच." घोडीचा पुढचा पाय दगडी बांधाशी गेला. अकरा वर्षांची कांचन तिथंच उभी होती. गोळी घालायला फौजदार यायला तीन तास लागले आणि तेवढा वेळ त्र्यंबक त्या घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्यानंतर त्यानं कुठल्याही जनावराला पहिलं म्हटलं नाही.

दृष्टबिष्ट खरी की खोटी, कांचनला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. दगडी बांध खरा होता, आणि उद्याची कुंपणंही खरी होती.

तिनं एक नंबरला 'ग्लास बटन' लिहिलं. दोन नंबरला मडी लेन. वही मिटली आणि भांडी घासायला उठली.

टाइप नरेंद्रनंच केलं, मराठी फॉन्ट त्याच्याच कॉम्प्युटरवर होता. सुहासिनी काकूंनी एक अक्षर बदललं नाही. पत्रकात आलं ते असं:

"पहिली शर्यत, अजून एकदाबी न जिंकलेल्या घोड्यांची. एक: कॉपर केटल. घाबरट हाय, पण घाबरून पुढं पळणाऱ्यातला, मागं हटणाऱ्यातला न्हाई. दोन: सेकंड कझिन.

दुसरी शर्यत. ह्यातला एकबी घोडा मी बघितलेला न्हाई. न बघितलेल्या घोड्याबद्दल बोलायला मी जोशी न्हवं. जागा मोकळी सोडली हाय, ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं भरावी.

तिसरी, लाकडी कठड्यांची. लाकूड पडत न्हाई, घोडा पडतो. म्हणून लांब उडीचा नको, मोजून उडी मारणारा पायजे. ओल्ड टेनंट. वय तेरा, गुडघे जुने, डोकं शाबूत.

चौथी, मुख्य. सगळ्यांचा लाडका सिल्व्हर लॉयर. अंग आरशासारखं. पण लीद पातळ, आणि त्यात ओट्सचे दाणे अख्खेच्या अख्खे. ठाणात रात्रभर फेऱ्या मारतो, सकाळी पेंढ्यात गोल रिंगण पडलेलं असतंय. असला घोडा शर्यत ठाणातच पळून घेतो, मैदानात उरलंसुरलं पळतो. दोन मैलांपुढं त्याच्यावर भरवसा ठेवू नये. एक: ग्लास बटन. चांगला घोडा. दोन: मडी लेन. लीद घट्ट, खाली पडली की फुटती. सकाळी कानापर्यंत पेंढा चिकटलेला, म्हणजे आडवा पडून झोपला. परक्या गावात आडवं पडून झोपणाऱ्या जनावराच्या पोटात भीती नसती. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या खुणेच्या वीतभर पुढं पडतो. ह्याहून जास्त लिहीत न्हाई."

विवेकनं आपलं स्वतंत्र भाकीत ई-मेलवर पाठवलं. एक: सिल्व्हर लॉयर. पुढं टक्केवारी, दशांश चिन्हासकट.

शनिवारी ऊन स्वच्छ होतं. कुरणावर गाड्यांच्या रांगा, गोऱ्या बायकांच्या मोठ्या टोप्या, आणि त्यांच्यात मंडळाच्या मिसळीचा वास. पहिल्या शर्यतीत कॉपर केटल घाबरत घाबरत सगळ्यांच्या पुढं आला. सुहासिनी काकूंनी टाळ्या वाजवल्या. दुसरी शर्यत होईपर्यंत लोकांनी जेवून घेतलं. तिसरीत ओल्ड टेनंटनं एकूणएक कठडा मोजून ओलांडला, आणि इतकं मोजत बसला की चौथा आला.

"वहिनी, डोकं शाबूत, पण पाय?" विवेक म्हणाला.

"चुकलं माझं. म्हातारा जास्त शहाणा निघाला."

चौथ्या शर्यतीला ती लोकांतून उठून शेवटच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. नरेंद्र मागोमाग आला. विवेक कागद घेऊन आला. घोडे फिरवून आणले तेव्हा सिल्व्हर लॉयरच्या मानेवर घामाचा फेस होता. मडी लेन इकडंतिकडं बघत, गवताला तोंड घालत चालला होता, बाजाराला निघाल्यासारखा.

झेंडा पडला. सिल्व्हर लॉयर सुटला तो पुढंच. पहिली फेरी पुढं, दुसऱ्या फेरीला अर्ध्यापर्यंत पुढं, आणि विवेक दर कुंपणाला "येस" म्हणत होता. टेकडीच्या पलीकडं घोडे दिसेनासे झाले. पुन्हा दिसले तेव्हा सिल्व्हर लॉयर मागं होता. एका कुंपणाशी तो कसाबसा आला, उडी मारली ती पाय जड झाल्यासारखी, आणि जॉकीनं लगाम ओढून त्याला बाजूला घेतलं. विवेक कागद पुन्हा वरपासून वाचायला लागला.

राहिले दोन. ग्लास बटन आतल्या बाजूनं, मडी लेन बाहेरून. खांद्याला खांदा लावून ते उतारावरून शेवटच्या कुंपणाकडं यायला लागले.

नरेंद्रनं बायकोकडं बघितलं. आतला घोडा आला तर हिचा तबेला राहतो. बाहेरचा आला तर जातो. दोघांनाही ते पक्कं माहीत होतं.

कांचननं कठड्यावर दोन्ही हात आपटले. "उचल, चिखल्या," ती ओरडली. "उचल रं माझ्या राजा. पाय उचल."

चिखल्यानं पाय उचलले. कुंपणाचं पानही हललं नाही. खाली उतरला तेव्हा तो ग्लास बटनच्या मानभर पुढं होता, आणि शर्यत संपते त्या दांडीपाशी पोचला तेव्हा दोन घोड्यांच्या अंतरानं. कांचन त्याचे पाय बघत होती. चारी टापा बरोबर पडत होत्या. मग तिनं श्वास सोडला.

"वहिनी," विवेकला कंठ फुटला, "तुमचा एक नंबर तर हरला. आणि तुम्ही ओरडत कुणासाठी होतात?"

"ज्याच्यावर भरवसा होता त्याच्यासाठी."

"मग त्याला दोनला का टाकलंत?"

"आमच्याकडं भरवशाच्या घोड्याला पहिला म्हणत न्हाईत."

विवेक मनापासून हसला. "हे बरंय. रिझल्ट लागल्यावर सांगायचं. कन्व्हिनियंट आहे हं."

"मी कुठं म्हटलं जिंकलो म्हणून? हरलो. लिहून घे तुझ्या कागदावर. आणि लिहून झालं की तुझा घोडा कुठल्या झाडाखाली उभा राहिलाय बघून ये, पाणी दिलंय का न्हाई कुणी त्याला."

नरेंद्रनं डिक्की बंद केली. हमरस्त्याला लागल्यावर एकदम म्हणाला, "आजोबा पण असंच म्हणायचे. सांगलीला मला खांद्यावर घेऊन शर्यतीला न्यायचे. 'येईल बघ दुसरा' म्हणायचे, आणि तो पहिला यायचा. मला वाटायचं, आजोबांना काही कळत नाही."

कांचन त्याच्याकडं वळली. "मग मघाशी तिथं तोंड का शिवलेलं?"

त्यानं उगाच आरसा नीट केला.

"चार लोकांत ते काय सांगायचं," तो म्हणाला. मैलभर गेल्यावर पुढं म्हणाला, "पण शर्त म्हणजे शर्त, कांचन. सोमवारपासून बंद."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. नरेंद्रला वाटलं, मानलं हिनं. रविवारी तर त्यानं स्वतःहून चहा केला.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. प्रिन्स्टन जंक्शनला गाडी ठेवायची तर परवाना लागतो, आणि परवान्याच्या यादीत नरेंद्रचं नाव इतकं खाली होतं की त्याआधी ग्रीन कार्ड येईल असं लोक म्हणायचे. घरात गाडी एक. म्हणजे सकाळी सहा-चाळीसची ट्रेन पकडायची तर कांचननंच सोडायला पाहिजे, आणि सोडून झालं की किल्ली कांचनच्याच हातात.

सोमवारी तो टाय बांधून खाली आला तेव्हा ती गाडीत बसलेली होती. सलवारीखाली गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.

"हे काय?"

"बूट."

"आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं. मी भाकरी उलटत होतो." तिनं गाडी मागं घेतली. "आठवून बघ. मी हो म्हटलेलं आठवतंय?"

नरेंद्रनं आठवून बघितलं. जेवायला बस, एवढंच आठवलं.

"मग त्याच वेळी नाही म्हणायचंस."

"का म्हणू? तबेला मार्थाबाईचा, लीद घोड्याची, हात माझे. त्यात तू पणाला काय लावलंस, मला अजून कळलं न्हाई. समजा एक नंबरला लिहिलेला घोडा जिंकला असता तर तू मला तबेला दिलास असं झालं असतं. मग दर भांडणात काढला असतास. त्यापेक्षा हरलो ते बरं झालं."

"लोक काय म्हणतील?"

"विवेकला शनिवारपासून काय सुचंना झालंय, तो कशाला म्हणतोय."

स्टेशनच्या रांगेत पुढच्या गाड्यांतून टाय बांधलेले नवरे एकेक उतरत होते. चार गाड्या पुढं विवेकची बायको त्याला सोडत होती. नरेंद्रनं बॅग उचलली, दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तसाच बसला. तिचे बूट नवे नव्हते. टाचेशी झिजलेले, डावा जास्त. लग्न झाल्यापासून ती त्याच्या पायाकडं बघत आली होती. त्यानं तिच्या पायाकडं आज पहिल्यांदा बघितलं.

"डाव्या पायावर भार देतेस," तो म्हणाला.

"फावडं उजव्या हातात असतंय. डाव्यावरच भार येणार." मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. "उतर आता. ट्रेन जाईल."

तो उतरला. दार लावायच्या आधी वाकून म्हणाला, "सहा-बाराला येतो संध्याकाळी."

"येतो न्यायला. आणि ऐक. डब्यात कुणी विचारलं मिसेस काय करतात, तर खोकू नको."

गाडी रांगेतून बाहेर पडली आणि डावीकडं वळली. घर उजवीकडं होतं.